पासो गार्साचे तराफे

पासो गार्साला नदीवर पूल नाही. पायाभरणी मात्र दोनदा झालेली आहे. दोन वेगवेगळ्या अध्यक्षांनी आपापल्या नावाचे दगड पूर्वेच्या काठावर बसवले. ते अजून शेजारी शेजारी उभे आहेत आणि कोळी त्यांच्यावर जाळी वाळत घालतात. पलीकडे जायचं तर लष्कराचे तीन लोखंडी तराफे आहेत. गुरं, बस, संत्र्यांचे ट्रक, लग्नाची वऱ्हाडं, सगळं त्यांच्यावरूनच जातं. वरच्या आणि खालच्या अंगाला अवजड गाडी उतरवता येईल असा दुसरा धक्का कुठेच नाही.

शंभर वर्षांपूर्वी आम्ही ब्युनोस आयर्सला रामराम ठोकून दोस रिओस प्रजासत्ताक स्थापन केलं. तेव्हापासून सोळा अध्यक्ष झाले, त्यातले पाच मतांनी आले. सतराव्याची तयारी सत्तावन्न सालच्या मार्चमध्ये सुरू झाली. राजधानी सांता ओलाया नदीच्या पश्चिमेला आहे. जनरल उबाल्दो लारासाबाल यांचे रणगाडे पूर्वेला होते. रणगाडे पोहत नाहीत. त्यामुळे सरकार पाडायचं तर ते पासो गार्सावरूनच पाडावं लागणार, हे शाळेतली पोरंसुद्धा सांगू शकली असती.

तराफे कर्नल आन्सेल्मो किन्योनेस यांच्या ताब्यात होते. बावन्न वर्षांचा, जाड मिशांचा, शांत माणूस. आयुष्यात त्याने कुणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. रजेचा अर्ज आला की तो टेबलाच्या खणात ठेवायचा आणि खण लावताना जरा आवाज करायचा. अर्जदाराला काय ते कळायचं. अध्यक्षांवर त्याचं प्रेम नव्हतं, जनरलवर विश्वास नव्हता. त्याला एकच मुलगा होता, एवारिस्तो, एकोणीस वर्षांचा. सक्तीच्या भरतीत चिठ्ठी निघून तो राजवाड्याच्या पहारा पलटणीत लागला होता. बंदूक घेऊन तो राजवाड्याच्या मुख्य फाटकात उभा राहायचा. कुठल्याही बंडाला आधी त्याच फाटकातून आत जावं लागतं.

बुधवारी सकाळी कर्नलच्या घरी मेजर ओक्ताव्हियो बेर्मुदेस आला. गणवेशात नव्हता. फिकट सूट, पांढरे बूट.

"घोडी बघायला आलोय," तो म्हणाला.

घोडी कर्नलच्या मेव्हण्याची होती. निकानोर त्याचं नाव, गावातला गुरांचा डॉक्टर. त्याने मेजरला तबेल्यात नेलं आणि लगेच परत आणलं.

"मी म्हटलं दात बघा, तर हे शेपटीकडे गेले," तो बहिणीला म्हणाला. "देल्फिना, तुंबा भर. पाहुणे घोडी घ्यायला आलेले नाहीत."

मागच्या अंगणात बकाणनिंबाच्या सावलीत चौघं बसले. देल्फिनाने किटली आणली, तुंब्यात येर्बाचा कडू पाला भरला, वर गरम पाणी ओतलं, नळी खोचली, पहिला घोट स्वतः प्यायली आणि तुंबा फिरवायला सुरुवात केली. एकच तुंबा, एकच नळी. जो तो आपली पाळी आली की तळाशी खरखर वाजेपर्यंत ओढतो आणि तुंबा भरणाऱ्याच्या हातात परत देतो. मेजर राजधानीचा, म्हणजे कॉफीवाल्यांच्या घरचा. पण त्याला कुणीतरी पढवून पाठवलेलं दिसत होतं. तोंड वाकडं न करता त्याने कडू पाणी संपवलं आणि तुंबा मुकाट्याने परत केला.

"जनरलसाहेबांची इच्छा आहे," तो म्हणाला, "की घोडी उद्या उजाडताना पलीकडे जावीत."

"किती घोडी?" निकानोरने विचारलं.

"अठ्ठावीस."

"अंगाने कशी आहेत?"

"चांगलीच अवजड."

"दाणा काय खातात? डिझेल?"

मेजर हसला नाही. तो कर्नलकडे वळला. "बाई बसल्या आहेत म्हणून मी आडून बोलतोय."

"बाईंना सगळं कळतंय, मेजर," देल्फिना म्हणाली. "आणि नळी ढवळू नका, पाला चोंदतो. तुमची घोडी पलीकडे गेली की राजवाड्याच्या फाटकात जाऊन उभी राहणार. तिथे आमचा मुलगा असतो."

"त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. शब्द देतो."

"कुणाचा?"

"माझा."

"तुमची आमची ओळख आज सकाळची," देल्फिना म्हणाली आणि तुंबा नवऱ्याच्या हातात दिला.

मेजरने आवाज खाली आणला. देशाची अवस्था, रिकामी तिजोरी, अध्यक्षांचा जावई, बंदराचं कंत्राट, असं सगळं त्याने थोडक्यात सांगितलं. खोटं त्यात फारसं नव्हतं. मग तो पुढे झुकला. "कर्नल, मला दुपारच्या आत परत पोचायचंय. जनरलसाहेबांना काय सांगू?"

कर्नलने घाई केली नाही. तो नळी ओढत राहिला. तुंब्याच्या तळाशी खरखर झाली, तरी आणखी एकदा ओढली. मग त्याने तुंबा बायकोकडे परत केला आणि तिच्याकडे न बघता, मेजरकडे बघत, स्वच्छ आवाजात म्हणाला, "ग्रासियास."

ग्रासियास म्हणजे आभारी आहे. पण आमच्या नदीकाठी तुंबा घेताना किंवा परत देताना कुणी आभार मानत नाही. मुकाट्याने परत दिला की पुढच्या फेरीत तो पुन्हा तुमच्याकडे येतो. ग्रासियास म्हटलं की तुम्ही फेरीतून उठलात. पुरे, आता मला नको, मला धरू नका. कर्नल रोज सकाळी दहा-बारा तुंबे प्यायचा. तिसऱ्यालाच त्याने ग्रासियास म्हटलं. देल्फिनाने किटली खाली ठेवली आणि पदराला पुसावेत तसे हात स्कर्टला पुसले. निकानोर आकाशाकडे बघायला लागला. फाशीच्या दोरापर्यंत नेऊ शकणारा एकही शब्द न उच्चारता याहून स्पष्ट नकार देता येत नाही, याबद्दल तिघांचं एकमत होतं.

मेजर उठला. त्याने दोन्ही हातांनी कर्नलचा हात धरला.

"मला खात्री होती," तो म्हणाला. "भेटूच उद्या."

त्याची मोटार धूळ उडवत गेली.

"चांगल्या घरचा आहे," कर्नल म्हणाला. "मनाला लावून घेतलं नाही."

जेवायला नदीतला मासा आणि उकडलेला कसावा होता. कर्नलने दोनदा मीठ मागितलं, दोन्ही वेळा ते समोरच होतं.

"हसला कशाला पण तो?" देल्फिना म्हणाली.

"हार मानणारे काही लोक हसतात."

"आणि भेटूच उद्या?"

"बोलायची पद्धत."

"कुणाची? माझ्या तोंडावर कुणी दार लावलं तर मी त्याला भेटूच उद्या म्हणेन का?"

"देल्फिना, माणसाला जेवू दे."

"जेव की. कोण अडवतंय? काट्याने कसावा फिरवत बसलायस."

कर्नल उठून ओट्यावर गेला. परत आत आला. घड्याळाला चावी दिली, ती सकाळीच दिलेली होती. वाऱ्याचा पत्ता नव्हता. कुत्रं सावली बदलून बदलून झोपत होतं आणि दर वेळी कर्नल त्याला ओलांडून जात होता. शेवटी कुत्र्याने अंगण सोडलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा फाटकाशी लष्करी ट्रक थांबला. त्यातून एक सार्जंट उतरला. त्याने कडक सलाम ठोकला. ट्रकमध्ये पिंपं होती.

"डिझेल, कर्नलसाहेब. तराफ्यांसाठी. जनरलसाहेबांनी नमस्कार सांगितलाय आणि म्हणाले, ठरल्याप्रमाणे."

कर्नलने पिंपांकडे पाहिलं. सार्जंट उत्तराची वाट बघत उभा होता.

"धक्क्यावर उतरवा," कर्नल म्हणाला. कारण पिंपं परत पाठवायची तर नाही म्हणावं लागलं असतं.

ट्रक गेल्यावर निकानोर आला. त्याने तो चौकातच पाहिला होता.

"कर्नल," तो म्हणाला, "त्या गाढवाला वाटलं तू खरंच आभार मानलेस."

"त्याने तुंबा व्यवस्थित परत दिला होता. न बोलता. आपण सगळ्यांनी पाहिलं."

"पढवलेला पोपट आहे तो. त्याला 'तळापर्यंत ओढ' शिकवलं असेल, 'तोंड वाकडं करू नकोस' शिकवलं असेल. कुणी ग्रासियास म्हणालं तर काय समजायचं, ते कोण शिकवणार? त्याच्या घरी आजीने कॉफी दिली की ग्रासियास म्हणतात आणि आजी अजून ओतते."

देल्फिना खुर्चीवर बसली. "म्हणजे उद्या उजाडताना अठ्ठावीस रणगाडे आपल्या धक्क्यावर येणार."

"येणार."

"आणि हा तिथे काय करणार?"

तिघांनी सगळ्या वाटा चाचपून पाहिल्या. राजधानीला कळवावं, तर मेजर तासभर अंगणात काय करत होता याचा जबाब द्यावा लागेल आणि डिझेल उतरवून घेतल्याचाही. तराफे पलीकडे नेऊन ठेवावेत, तर रणगाड्यांच्या तोफा पलीकडपर्यंत पोचतात. शिवाय तराफ्यांवरची माणसं गावचीच होती. काही न करता बसावं, तर सकाळी नाही म्हणावं लागणार, तेही अठ्ठावीस रणगाड्यांना, आणि हाताशी काय, तर दोर वळणारी आणि गाठी मारणारी एक पलटण.

"जनरलला फोन कर," देल्फिना म्हणाली. "सरळ सांग."

"इफिहेनिया ऐकेल."

इफिहेनिया म्हणजे गावातल्या टेलिफोन केंद्राच्या बाई. गावातली प्रत्येक सोयरीक आणि प्रत्येक काडीमोड आधी त्यांच्या कानातून गेलेला असायचा.

"तिला काय ऐकायचं ते ऐकू दे. तुझ्या मुलापेक्षा तिचे कान मोठे आहेत का?"

"मोठेच आहेत," निकानोर म्हणाला. कुणी हसलं नाही.

कर्नलने हँडल फिरवलं आणि जनरलच्या छावणीचा नंबर मागितला.

"जोडते, कर्नल," इफिहेनिया म्हणाल्या. "मी ऐकत नाहीये."

जनरल लगेच आला. त्याचा आवाज प्रसन्न होता. "आन्सेल्मो! डिझेल पोचलं?"

"पोचलं. उबाल्दो, एक गैरसमज झालाय." कर्नलने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. देल्फिना समोर उभी होती. "तुझ्या मेजरला मी होकार दिलेला नाही. आम्ही येर्बा पीत होतो. त्याने विचारलं आणि मी तुंबा परत देऊन ग्रासियास म्हणालो."

जनरलही याच नदीवरचा, दोन गावं वरचा. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"त्याला?" जनरल म्हणाला. "त्या कॉफीवाल्याला तू ग्रासियास म्हणालास?" आणि तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. मग त्याने कुणालातरी पाणी मागितलं, ते प्यायल्याचा आवाज आला, आणि तो पुन्हा बोलला तेव्हा त्याच्या आवाजात हसू उरलं नव्हतं.

"आता ऐक. मेजरने येऊन सांगितलं, कर्नल आपल्यात आहे, मनापासून आभार मानले. त्या भरवशावर मी राजधानीला माणूस पाठवला. तो पोचला. राजवाड्याची पहारा पलटण आमची आहे, आन्सेल्मो. पहिल्यापासून होती. उद्या सकाळी पहारा बदलला की त्यांचा कॅप्टन फाटक आतून लावून घेणार आणि अध्यक्षांना आत कोंडणार. माझे रणगाडे पोचेपर्यंत त्याने तग धरायचा."

"त्याला थांबव."

"कसा? फोनवरचा हुकूम मानायचा नाही, सरकारची चाल समजायची, असं त्याच्याशी ठरलंय. आणि दुसरा माणूस पाठवला तरी तो आता रात्रीच्या बंद रस्त्यांतून पोचणार नाही. माझे रणगाडे आले नाहीत, तर दुपारपर्यंत बंदरावरचे नौसैनिक येऊन फाटक तोडतील. आतल्या प्रत्येकाला भिंतीला उभं करतील. तुझा पोरगा त्याच पलटणीत आहे ना?"

कर्नलने बोटाभोवतीची वायर सोडवली.

"मी धमकी देत नाहीये," जनरल म्हणाला. "मला स्वतःलाही हे असं नको होतं. जे आहे ते सांगतोय." आणि त्याने फोन ठेवला.

कर्नलने ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. निकानोर म्हणाला, "खोटं बोलत असेल. तराफे हवेत, बोलेल काहीही."

"मुलाला विचारू," देल्फिना म्हणाली.

पलटणीच्या बराकीचा फोन लागायला बराच वेळ गेला. दरम्यान कर्नलने मिशांचं एक टोक चावून पार वाकडं केलं. शेवटी एवारिस्तोचा आवाज आला, जरा धापा टाकत. त्याला पटांगणातून बोलावून आणलं होतं.

"आई? काय झालं?"

"काही नाही. आवाज ऐकावासा वाटला. जेवलास?"

"अजून नाही. आज लवकर जेवून झोपायचंय, बूट घालूनच. कॅप्टन म्हणतात उद्या मोठा दिवस आहे."

"कसला दिवस?"

"ते नाही सांगत. पण म्हणाले, उद्या नदीपलीकडून आपले मित्र येणार आहेत, त्यांच्यासाठी फाटक सांभाळायचं. आई, बाबा ठीक आहेत ना? मित्र म्हणजे बाबा तर नव्हेत? इथे सगळे मला विचारतायत."

देल्फिनाने फोन कानापासून किंचित दूर धरला, म्हणजे कर्नललाही ऐकू जाईल.

"एवारिस्तो, तुझी क्लोतिल्दे मावशी फार आजारी आहे. डॉक्टरांनी आशा सोडली. आज संध्याकाळच्या बसने निघ. कॅप्टनना दे, मी बोलते."

क्लोतिल्दे मावशी त्या वेळी दोन घरं पलीकडे मुरंबा घोटत होती. कॅप्टन फोनवर आला. अतिशय सभ्य माणूस. त्याने मावशीसाठी सहानुभूती व्यक्त केली आणि सांगितलं की आज कुणालाही रजा नाही, परवा हवी तितकी देईन. मग तो म्हणाला, "कर्नलसाहेबांना माझा नमस्कार सांगा, बाई. त्यांच्या भरवशावर आहोत आम्ही." आणि फोन बंद झाला.

वायरीवर थोडी खरखर राहिली. मग इफिहेनिया म्हणाल्या, "देल्फिनाबाई, मी काहीही ऐकलेलं नाही. पण माझं ऐकाल तर तराफे द्या."

निकानोर टोपी हातात घेऊन उठला.

"मी हे बोलायला नको," तो म्हणाला, "पण पलीकडे नौसैनिकांतही कुणाची तरी पोरं आहेत. रणगाडे गेले तर ती मरतील. नाही गेले तर आपला मरेल. मी घोड्यांचा डॉक्टर आहे, मला यातलं कळत नाही." आणि तो गेला.

कर्नल ओट्यावर उभा राहिला. धक्क्यावर त्याची माणसं जनरलची पिंपं रचत होती आणि गाणं म्हणत होती. देल्फिना त्याच्या मागे येऊन थांबली.

"सकाळी मी नाही म्हणालो होतो," तो म्हणाला.

"सकाळी तू काहीच म्हणाला नव्हतास."

तो वळला. ती रडत नव्हती. त्याच्यावर चिडलेलीही नव्हती. तिने फक्त जे घडलं ते सांगितलं होतं. तिसाव्या वर्षापासून तो खण लावून लोकांना समजून घ्यायला सांगत आला होता. लोक समजून घेत होते.

"दिले तर माझं नाव त्यांच्यात जाईल," तो म्हणाला. "कायमचं. लोक म्हणतील किन्योनेसने नेले."

"म्हणतील."

"तुला चालेल?"

"नाही चालणार," देल्फिना म्हणाली. "तू दे."

तो धक्क्यावर गेला. आपल्या सार्जंटला बोलावून त्याने स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांना ऐकू येईल असं सांगितलं की उजाडताना रणगाडे पलीकडे न्यायचे आहेत, हुकूम माझा आहे, आणि ज्याला नको असेल त्याने आत्ता घरी जावं, त्याच्याविरुद्ध कागद जाणार नाही. दोघं घरी गेले. बाकीचे इंजिनं तपासायला लागले.

सकाळी नदीवर पातळ धुकं होतं. रणगाडे एकामागून एक उतारावरून खाली आले आणि पूर्वेचा काठ थरथरत राहिला. मेजर बेर्मुदेस पहिल्या गाडीवर होता, या वेळी गणवेशात. कर्नलला बघून त्याने लांबूनच हात उंचावला. गैरसमजाबद्दल जनरलने त्याला काही सांगितलं होतं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. कर्नलने त्याला तराफ्यावर पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं. तो प्रत्येक फेरीला स्वतः तराफ्यावर होता. पाणी चढलेलं होतं. एक रणगाडा मधोमध सरकला तेव्हा त्याने दोर स्वतः आवळला आणि तळहाताचं सालटं काढून घेतलं. पुढचे रणगाडे राजधानीच्या रस्त्याला लागले, मागचे येतच होते. मग ट्रक, मग सैंपाकाच्या गाड्या.

देल्फिना फोनपाशी बसली होती. रेडिओ लावलेला होता. त्यावर आधी नेहमीचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालला, मग तो मध्येच तुटला, मग बराच वेळ बँडवर कवायतीची गाणी वाजत राहिली. आमच्याकडे सरकार गेल्याचं असंच कळतं. मग एक अनोळखी आवाज नावं वाचायला लागला, देशभक्तांची. त्यात आन्सेल्मो किन्योनेस हे नाव तिसरं होतं. तिने रेडिओ बंद केला.

फोन वाजला.

"सांता ओलाया," इफिहेनिया म्हणाल्या. "तोच आहे, देल्फिनाबाई. बोला."

"आई," एवारिस्तो म्हणाला, "आम्ही ठीक आहोत. फाटकाला काही झालं नाही. बंदरावर गोळ्या चालल्या, इथे नाही. आई, रेडिओवर बाबांचं नाव आलं. सगळे मला खांद्यावर घेतायत. बाबांनीच रणगाडे आणले ना?"

"हो," देल्फिना म्हणाली. "त्यांनीच."

"मला किती—"

"बंदरावर किती मेले?"

"माहीत नाही, आई. धूर दिसतोय इथून."

"जेवून घे," ती म्हणाली आणि फोन ठेवून चप्पल न घालता धक्क्याकडे धावत सुटली.

कर्नलचा तराफा नुकताच सुटला होता. त्यावर ट्रक होता आणि ट्रकभोवती सैनिकांची दाटी होती. इंजिनाचा धडधडाट पाण्यावर पसरत होता. देल्फिना उताराच्या टोकाशी, गुडघ्याएवढ्या पाण्यात गेली आणि तोंडाभोवती हात धरून ओरडली.

"विवे!" म्हणजे जिवंत आहे. "आन्सेल्मो, विवे! विवे!"

आमच्या भाषेत जिवंत आहे आणि झिंदाबाद यांच्यात एका स्वराचा फरक आहे, आणि तेवढा स्वर इंजिनाने गिळला. तराफ्यावरच्या सैनिकांनी वळून पाहिलं. काठावर एक बाई पाण्यात उभी राहून क्रांतीचा जयजयकार करत होती. त्यांनी टोप्या काढल्या आणि एका दमात उत्तर दिलं, "विवा! विवा!" काठावर रांगेत उभ्या ट्रकांवरच्यांनीही आवाज उचलला. ती जितकी जोरात ओरडे तितके ते जोरात ओरडत.

कर्नल कठड्याशी उभा होता आणि त्यालाही विवाच ऐकू आलं. त्याने बायकोला पाहिलं, ओरडणाऱ्या पोरांना पाहिलं, आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने मान फिरवली आणि तो पलीकडच्या काठाकडे बघायला लागला.

देल्फिना ओरडायची थांबली. सैनिक आणखी थोडा वेळ ओरडले आणि गप्प झाले. तराफा पाण्याच्या मध्यावर पोचत आला तेव्हा कर्नलने एकदा मागे वळून पाहिलं. ती अजून पाण्यातच उभी होती. तिने उजवा हात वर उचलला, तळवा जमिनीला समांतर धरला आणि स्वतःच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच नेऊन थांबवला. गेल्या वर्षी एवारिस्तोला दाराच्या चौकटीशी उभं करून मोजली होती, तेवढी उंची. हात तिने तसाच धरून ठेवला, हलवला नाही.

कर्नलने बराच वेळ तिकडे पाहिलं. मग तो ट्रकच्या पुढच्या चाकाशी, दोरांच्या वेटोळ्यावर, हळूच खाली बसला. वारा नव्हता, आणि राजधानीच्या बाजूला आकाशात धुराची एक सरळ रेघ चढत होती.